साडूची होडी

मुंबईहून होडी आणणाऱ्या माणसाने ती पाथर्डी फाट्यावर डावीकडे वळवून सरळ अंबडच्या वर्कशॉपात आणावी, की गावभर मिरवावी? मयूरने मिरवली. दुरुस्तीसाठी ती देवरामकडेच यायची होती, आठ दिवस आधी तसं ठरलंही होतं. पण सासूबाई राहायच्या नाशिकरोडला, आणि त्यांना ती आधी दाखवायची होती. म्हणून दोन हजार सालच्या नोव्हेंबरातल्या एका शनिवारी, भर बारा वाजता, सोळा फुटांची शिडाची होडी जीपमागच्या ट्रेलरवर द्वारकेच्या चौकात आडवी अडकली. ट्रक, एसट्या, रिक्षा सगळं ठप्प. वाहतूक पोलिसाने म्हणे शिट्टी तोंडातून काढली आणि आधी होडीला हात लावून पाहिला.

देवरामला हे फायबरचं रेझिन विकणाऱ्या दुकानदाराने फोनवर सांगितलं. "तुमच्या साडूंनी समुद्र आणलाय द्वारकेला," तो म्हणाला आणि पोट धरून हसला. देवराम हसला नाही. त्याने रिसीव्हर ठेवला आणि हातातल्या टाकीच्या झाकणाची कडा गरज नसताना पुन्हा घासायला घेतली.

मयूर म्हणजे मोहिनीच्या, देवरामच्या बायकोच्या, धाकट्या बहिणीचा नवरा. साडू हे नातंच मोठं चमत्कारिक. भाऊ असता तर भांडून मोकळं होता आलं असतं, शेजारी असता तर घर बदलता आलं असतं. साडू मात्र प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशात आपल्या शेजारच्याच खुर्चीवर आणून बसवला जातो आणि सगळी पाहुणेमंडळी एकदा याच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघतात. देवराम बेचाळीस वर्षांचा. वीस वर्षं फायबरच्या पाण्याच्या टाक्या, टेम्पोचे टप, शाळांच्या घसरगुंड्या बनवत आलेला. मयूर तेहतीसचा. कॉलेजरोडला त्याचा कॉम्प्युटर क्लास होता आणि पोरं दाखल्यासाठी रांग लावावी तशी तिथे रांग लावायची. सासूबाई, वत्सलाबाई, देवरामला 'देवराम' म्हणायच्या आणि मयूरला 'आमचे मयूरराव'. दहा वर्षांत त्या 'आमचे'मध्ये देवरामला एकदाही जागा मिळाली नव्हती. हे त्याने कधी कुणाला बोलून दाखवलं नाही, पण विसरलाही नाही.

चार वाजता होडी आली. पुढच्या सीटवर खुद्द वत्सलाबाई.

"बघ देवराम, आमच्या मयूररावांनी काय आणलंय! आपल्या सात पिढ्यांत कुणाकडे होती का होडी?"

"नव्हती," देवराम म्हणाला. दुसरं काय म्हणणार?

मयूर उडी मारून उतरला. "दादा, एका क्लबाच्या मागच्या आवारात पडली होती. मालक वारला, बायकोला विकायची होती. तिला त्यातलं काही कळत नाही आणि जो म्हातारा खलाशी सगळं बघायचा तो कोकणात गावी गेलेला. म्हटलं, आपल्याला काय कुणाला विचारायचंय? आपले दादा आहेत!"

दादांनी होडीभोवती एक फेरी मारली. बाहेरचा रंग उन्हाने खडूसारखा झालेला, हात फिरवला की पांढरी पूड यायची. डेकवर दोन ठिकाणी पाय ठेवला तर खाली दबायचं, म्हणजे आतलं प्लायवूड कुजलेलं. सुकाणूचं लाकूड उभं चिरलेलं. ट्रेलरचं एक चाक बेअरिंग जाम होऊन नुसतं फरफटत आलेलं. शीड चहाच्या फडक्यासारखं डागाळलेलं. डोलकाठी मात्र अल्युमिनियमची, सरळ आणि ठणठणीत. बाकाखाली एक पोलादाचं जाड, रुंद पान निघालं, एका टोकाला भोक असलेलं. दोघांनी उचललं तेव्हा उचललं गेलं.

"हे काय?" मयूरने विचारलं.

"वजन असेल, डोलू नये म्हणून," देवराम अधिकारवाणीने म्हणाला. होडी त्यानेही जन्मात जवळून पहिल्यांदाच पाहिली होती. ते पान मग वर्कशॉपात गेलं आणि ओल्या फायबर शीटवर दाब ठेवायच्या कामी लागलं.

सोमवारी देवराम आणि त्याचा वीस वर्षांपासूनचा सोबती काळू यांनी होडी उलटी करून लाकडी घोड्यांवर ठेवली. काळू पेठकडच्या डोंगरातला, पन्नाशीचा, कमी बोलणारा.  तळाच्या बरोबर मधोमध हातभर लांब, दोन बोटं रुंद अशी चीर होती. आतल्या बाजूने पाहिलं तर ती एका उभ्या अरुंद पेटीत उघडत होती.

"दादा, पाण्यात जायची चीज, न् बुडाला भोक?" काळू म्हणाला. "मालक बुडूनच मेला का काय?"

आता हे लक्षात घ्या की वीस वर्षं ज्याने टाक्याच केल्या त्याच्या डोक्यात पाण्याविषयी एकच नियम पक्का असतो: जिथून पाणी जाईल ते भोक बुजवायचं. एखाद्या सुताराने कदाचित विचारलं असतं, ही चीर इतकी सफाईने का कापलीय, कडा इतक्या गोल का केल्यात. देवरामला तो प्रश्न पडलाच नाही. त्याने चिरेच्या कडा घासल्या, काचेच्या धाग्यांच्या मॅटचे पाच थर रेझिनमध्ये भिजवून बसवले, रोलरने हवा काढली, वर जेलकोटचा गुळगुळीत थर मारला आणि पॉलिश पेपर लावून तळ असा एकसंध केला की बोट फिरवून जोड सापडू नये. वरच्या पेटीला बिजागरीचं झाकण केलं. बर्फ घालून थंड्याच्या बाटल्या ठेवायला. रविवारी मयूरने ते झाकण उघडून पाहिलं आणि देवरामच्या पाठीवर थाप मारली.

"दादा, डोकं आहे तुमचं! क्लबवाल्यांना नाही सुचलं हे."

त्या थापेने देवरामला बरं वाटलं, आणि बरं वाटलं म्हणून रागही आला.

पण खरा घोळ पुढेच झाला. देवरामचा जीव होडीवर बसला. त्याने जन्मभर चौकोनी आणि गोल वस्तू केल्या होत्या. टाकी ही शेवटी टाकीच, ती गच्चीवर गेली की कुणी तिच्याकडे मान वर करून बघत नाही. ही होडी मात्र कुठूनही पाहिली तरी पुन्हा पाहावीशी वाटायची. नाकाकडे निमुळती होत गेलेली तिची बाजू घासताना हात आपोआप हळू व्हायचा. कुजलेलं प्लायवूड काढून त्याने नवं बसवलं. सुकाणू सागवानाचं केलं, त्यासाठी जुना बाजार पालथा घातला. शिडाला आतून पट्ट्या लावून घेतल्या. टाक्यांच्या ऑर्डरी मागे पडल्या, गिऱ्हाइकं शिव्या देऊन जाऊ लागली. दुपारचा डबा तो होडीत बसून खाऊ लागला. काळू खाली दगडावर, हा वर बाकावर, एक हात सुकाणूवर ठेवून. कधीकधी डबा संपला तरी उतरायचा नाही.

"दादा, निघाली का नाय अजून?" काळू खालून विचारायचा. "जेवण झालं असंल तं मालेगावची टाकी बघू का?"

आणि रविवारी मयूर यायचा. पांढरे कॅनव्हासचे बूट, डोळ्यांवर गॉगल, सोबत दोन-तीन मित्र. 'ही माझी होडी,' म्हणायचा. त्यात खोटं काहीच नव्हतं. होडी त्याचीच होती. पण देवरामच्या हातांना फायबरची खाज सुटलेली असायची, कोपरापर्यंत लाल पुरळ असायचं, आणि तो 'माझी' हा शब्द त्या पुरळावर जाऊन बसायचा. मयूर तिच्या कडेला बूट टेकवून उभा राहिला की देवरामला वाटायचं, पाय काढ म्हणून ओरडावं. एकदा तो म्हणालाही, "मयूरराव, रंग ओला आहे." रंग चार दिवसांपूर्वी वाळला होता.

नाव ठेवायची वेळ आली तेव्हा मयूरने बायकोचं ठेवलं, 'पल्लवी'. ती अक्षरंही देवरामनेच रंगवली, निळ्या रंगात, दोन्ही बाजूंना. त्या रात्री मोहिनी सहज म्हणाली, "पल्लीचं नशीब बघा, नावाची होडी." तेवढ्यावर देवराम पाठ करून झोपला. त्याच्या मनात होडीचं दुसरं नाव होतं, पण ते त्याला विचारायचं कुणाला सुचलंच नाही.

तरी इतके दिवस हा नुसता हेवाच होता. हेव्याने आपलाच घास कडू होतो, दुसऱ्याचं काही जात नाही. देवरामकडे दुसऱ्याचं काही करण्याची सोय नव्हती. ती सोय जानेवारीत फोनवरून आली.

मयूरने मुंबईला संपर्कासाठी वर्कशॉपचा नंबर दिला होता. भर दुपारी बेल वाजली. पलीकडे म्हातारा, खडखडीत आवाज.

"मी क्लबातला खलाशी. गावाहून आलो तं समजलं, बाईंनी बोट विकली. बारा वर्षं मी सांभाळली ती. म्हटलं विचारावं, पान नीट बसलं ना शेठ?"

"कसलं पान?"

"पोलादाचं. मधल्या चिरेतनं खाली पाण्यात सोडायचं. बोल्ट गंजला होता त्याचा, बदलून घ्या. पान नसंल तं बोट वाऱ्याम्होरं पळंल फक्त, माघारी यायची नाही. आडवी सरकत बसंल खेकड्यासारखी. चीर साफ ठेवा, बाकी लय गुणाची बोट हाय."

देवरामने हो हो म्हटलं आणि फोन ठेवला. त्याचे कान तापले होते. वीस वर्षांचा मुरलेला कारागीर, आणि होडीचा पायच त्याने बुजवून टाकला होता, वर बाटल्या ठेवायला झाकण केलं होतं!

"कुनाचा फोन?" काळूने विचारलं.

"रेझिनवाल्याचा. ग्राइंडर आण."

लाजेने का होईना, त्या क्षणी देवराम सरळ होता, हे त्याच्या बाजूने सांगायला हवं. अर्ध्या दिवसाचं काम होतं. चीर पुन्हा कापायची, कडा गोल करायच्या, पान चढवायचं. हसतील तर हसू देत. त्याने ग्राइंडरला नवी चकती लावली, वायर जोडली, आणि तेवढ्यात दारात मयूरची गाडी थांबली. सोबत एक फोटोग्राफर होता, एका स्थानिक पेपरचा.

"दादा, बातमी येतेय आपल्या होडीची!"

फोटोग्राफर घाईत होता. त्याने मयूरला होडीला टेकून उभं केलं, मागे सरकून पाहिलं, मग पुढे आला आणि देवरामच्या हातातला ग्राइंडर घेऊन मयूरच्या हातात दिला. "काम करताय असं दिसू द्या." मयूर हसत म्हणाला, "अहो, काम यांनी केलंय, यांना घ्या की." फोटोग्राफरने देवरामच्या रेझिनने कडक झालेल्या शर्टाकडे पाहिलं. "एकट्याचाच चांगला येईल. काका, जरा बाजूला होता?"

काका बाजूला झाले. मयूरही काही बोलला नाही, ग्राइंडर धरून उभा राहिला. दोनदा फ्लॅश पडला.

ते निघून गेल्यावर ग्राइंडर बाकावर तसाच पडला होता. काळूने विचारलं, "कुठं कापायचं, दादा?"

"राहू दे," देवराम म्हणाला.

तिसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला. खाली ओळ होती: हौशी तरुणाने स्वतःच्या हाताने सावरली शिडाची होडी. वत्सलाबाईंनी तो कापून काचेच्या कपाटात लावला.

देवरामने मनाशी जे ठरवलं ते त्याने स्वतःलाही मोठ्याने सांगितलं नाही, पण हिशेब सरळ होता. मयूरचा कुठलाच नाद सहा महिन्यांवर टिकत नसे. माशांची पेटी झाली, की-बोर्ड झाला, घरात धावायचं मशीन झालं. जे मनासारखं चालत नाही त्याचा त्याला लगेच वीट यायचा. होडी नीट चालली नाही, तर उन्हाळ्यापर्यंत तो म्हणेल, दादा, तुमच्याकडेच पडू द्या. मग एका निवांत सोमवारी देवराम चीर कापेल, पान सोडेल, आणि होडी त्याची होईल. त्याने ते पोलादाचं पान शीटवरून ओढून काढलं, गंज घासून त्याला दोन हात रंग दिला आणि शेडच्या मागे पोत्याखाली ठेवलं. बोल्टही नवा आणला.

फेब्रुवारीत एका रविवारी सकाळी गंगापूर धरणावर होडी पाण्यात उतरली. तीस-चाळीस माणसं होती. नारळबिरळ आपल्यात फोडत नाहीत. वत्सलाबाईंनी हात जोडून बुद्धाचं त्रिशरण म्हटलं, सगळ्यांनी मागून म्हटलं, पेढे वाटले. ट्रेलर मागे मागे नेत पाण्यात घातला आणि होडी अलगद उचलली गेली. तळाला पाण्याचा थेंब नाही.  आपण केलेली वस्तू अशी हलकी होऊन डुलताना तो पहिल्यांदाच पाहत होता. पाणी तिच्या आत नव्हतं, बाहेर होतं.

"बाबा, मी बसू?" सृष्टीने विचारलं. त्याची नऊ वर्षांची मुलगी. मयूर आधीच तिला हात देत होता.

"नको," देवराम म्हणाला. जरा जास्तच जोरात म्हणाला.

"अहो, पाचच मिनिटं," मयूर म्हणाला. "पोर कधीची मागे लागलीय."

"पहिल्या फेरीला नको म्हटलं ना!"

सृष्टीचं तोंड उतरलं. मोहिनीने नवऱ्याकडे पाहिलं आणि बराच वेळ पाहत राहिली.

मयूर एकटाच गेला. वारा काठाकडून धरणाच्या मध्याकडे वाहत होता. शीड फुगलं आणि होडी अशी सुटली की काठावरच्या पोरांनी आरोळ्या ठोकल्या. पांढरं शीड, निळी अक्षरं, मागे सरळ रेघ. वत्सलाबाई डोळे पुसू लागल्या. देवरामला वाटलं, आता या क्षणी आपण जळून खाक होऊ. कारण ती सुंदर दिसत होती, आणि सुकाणूवर दुसऱ्याचा हात होता.

मग मयूरने ती वळवली. होडीने तोंड काठाकडे केलं खरं, पण ती काठाकडे आली नाही. आडवी सरकू लागली. मयूरने शीड ओढलं, ती अजून आडवी. पुन्हा वळवली, पुन्हा तेच. होडी बघता बघता लहान होत गेली आणि तासाभरात पलीकडच्या तीराला चिखलात जाऊन टेकली. इकडे पेढे खाल्लेली माणसं हसायला लागली. कुणीतरी म्हणालं, "कॉम्प्युटरवाल्याची होडी हँग झाली." दोन तासांनी मासेमारांनी तिला दोराने बांधून आणलं, आणि मयूर उन्हाने लालबुंद होऊन, पांढऱ्या बुटांपासून मांडीपर्यंत चिखल घेऊन, मान खाली घालून उतरला.

"दादा," तो हळूच म्हणाला, "माझं काय चुकलं?"

देवरामला तेव्हाही सांगता आलं असतं. त्याने होडीकडे पाहिलं, लोकांकडे पाहिलं आणि एखादा गॅरेजवाला टेम्पोविषयी बोलतो तसं म्हणाला, "तुमचं काही चुकलं नाही. बॉडीच पिळलेली आहे. जुना माल. वरून कितीही सजवा, सांगाडा आऊट असला की सरळ चालत नाही."

मयूरने मान हलवली. त्याने देवरामचा शब्द कधी तपासून पाहिला नव्हता.

परतताना टेम्पोत मोहिनीने विचारलं, "सृष्टीला का नाही बसू दिलंत?"

"पाणी आहे. भीती वाटते बापाला."

"हं," मोहिनी म्हणाली. तिने पुढे काही विचारलं नाही, आणि ते देवरामला विचारण्यापेक्षा जड गेलं.

त्यानंतर देवराम वाट पाहू लागला. होडी मयूरच्या बंगल्याशेजारच्या रिकाम्या प्लॉटवर ताडपत्रीखाली उभी होती. मार्चमध्ये देवराम एकदा वाकडी वाट करून बघून आला. म्हणाला, "मयूरराव, उन्हात फायबर तडकतं. माझ्या शेडमध्ये आणून टाका हवं तर." मयूर म्हणाला, "नको दादा, तुम्हाला किती त्रास द्यायचा?" देवराम मनात म्हणाला, अजून महिनाभर. त्याने शेडमधली जागा रिकामी केली. रचून ठेवलेल्या टाक्या बाहेर काढल्या. काळूने विचारलं, इथं काय यायचंय? तर म्हणाला, येईल काहीतरी.

एप्रिलमध्ये मयूरकडे रविवारचं जेवण होतं. देवराम गल्लीत शिरला आणि आधी प्लॉटकडे पाहिलं. ताडपत्री घडी घालून भिंतीशी ठेवली होती. खाली नुसती माती.

पानावर बसेपर्यंत त्याने धीर धरला. मग घास हातात घेऊन, जणू आत्ताच आठवलं असं, विचारलं, "होडी दिसत नाही?"

"गेली," मयूर म्हणाला. "पिंपळगावच्या अलीकडे हायवेवर एक नवीन गार्डन हॉटेल झालंय, त्याने नेली. पोरांना खेळायला आणि फोटो काढायला. चौथरा बांधून निम्मी सिमेंटात बसवलीय. परवा बघून आलो. छान दिसते हो. लोक आत बसून भेळ खातात."

देवरामच्या हातातला घास ताटात परत गेला.

"मला विचारलं नाहीत," तो म्हणाला. आवाज त्याचा त्यालाच ओळखू आला नाही.

मयूर ओशाळला. त्याने पल्लवीकडे पाहिलं, वाढता वाढता थांबलेल्या मोहिनीकडे पाहिलं, वत्सलाबाईंकडे पाहिलं. "आता सांगून टाकतो," तो म्हणाला. "दादा, होडी तुमचीच होती. मी कधी चालवणार होतो? मला पोहताही येत नाही नीट. मुंबईत बघितली तेव्हाच पल्लवीला म्हटलं, दादांनी उभ्या आयुष्यात दुसऱ्यांच्या टाक्या केल्या, एकदा त्यांच्या हातची वस्तू त्यांची असू दे. नुसती दिली असती तर तुम्ही घेतली नसती, तुमचा स्वभाव मला माहीत आहे. नाव पल्लवीचं ठेवलं तेही तुम्हाला संशय येऊ नये म्हणून. म्हणून ठरवलं होतं, त्या दिवशी एक फेरी मारायची, काठावर परत यायचं आणि सगळ्यांसमोर सुकाणू तुमच्या हातात द्यायचं. तो फोटोवाला आला तेव्हा मी गप्प बसलो ते त्याचसाठी. म्हटलं, तुमचा फोटो त्या दिवशीचाच छापून येऊ दे."

"मग?" देवराम कसाबसा म्हणाला.

"मग काय, परत येताच आलं नाही. आणि तुम्हीच म्हणालात, सांगाडा पिळलाय. खराब वस्तू साडूला कशी द्यायची? उद्या सृष्टीला घेऊन बसला असता तुम्ही. माझ्या मनाला पटलं नाही."

 वत्सलाबाई म्हणाल्या, "आमचे मयूरराव असेच," पण त्याही हळूच म्हणाल्या.

देवरामला वाटलं, आता तरी बोललं नाही तर हे जन्मभर घशात राहील. "सांगाडा पिळलेला नव्हता," तो म्हणाला. "मी चूक केली. बुडाला चीर होती ती मी बुजवली. त्यातून ते पोलादाचं पान खाली सोडायचं असतं. ते नसेल तर होडी माघारी येत नाही."

मयूर त्याच्याकडे पाहत राहिला. मग त्याचा चेहरा मऊ झाला. "दादा, नका हो. मला बरं वाटावं म्हणून स्वतःच्या अंगावर घेताय. तुमच्या हातून अशी चूक होईल? वीस वर्षांत तुमची टाकी गळाली नाही कुठे."

"खरं सांगतोय. मुंबईच्या खलाशाचा फोन आला होता वर्कशॉपात. उतरवायच्या आधी महिनाभर. मला माहीत होतं."

"माहीत होतं?" मयूर हसला, अगदी मायेने हसला. "माहीत होतं तर सांगितलं का नाहीत?"

साधा प्रश्न. त्याला उत्तर एकच होतं, चार शब्दांचं. देवरामने तोंड उघडलं. समोर मयूरचा चेहरा होता, उघडा, निर्मळ, आपल्यावर कुणी जळत असेल ही शंका ज्याला आयुष्यात एकदाही शिवली नाही असा. देवरामने तोंड मिटलं.

"बघा," मयूर पल्लवीला म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते. "उत्तर नाही त्यांच्याकडे. मला वाईट वाटू नये म्हणून खोटं बोलतोय हा माणूस. याला म्हणतात मोठं मन."

"खरंय," वत्सलाबाई म्हणाल्या, आणि दहा वर्षांत पहिल्यांदा त्यांनी देवरामच्या ताटाकडे स्वतःहून वाटी सरकवली. "आमचे देवरामराव कधी बोलून दाखवत नाहीत."

मोहिनी हातात पोळ्यांची परडी घेऊन त्याच्यासमोर उभी होती. तिला सगळं समजलं होतं. तिने मयूरच्या ताटात एक पोळी वाढली, आईला एक वाढली, नवऱ्याच्या ताटावरून परडी तशीच पुढे नेली आणि स्वयंपाकघरात निघून गेली.